पांढऱ्या फरशीवर जणूकाका

ज्या सकाळी इस्पितळाची जुनी फरशी उखडायला माणसं आली, त्या सकाळी जणूकाकांच्या पोटात जो गोळा आला तो पुढे बरेच दिवस तिथेच मुक्कामाला राहिला. बाकी सगळे खूश होते. डॉक्टर खूश, सिस्टर खूश, झाडू मारणाऱ्या मावशी तर कंत्राटदाराला स्वतःच्या हाताने चहा करून देत होत्या. जुनी फरशी डागाळलेली होती, ठिकठिकाणी फुटलेली होती, आणि तिच्यावर पाणी ओतलं की ते नेमकं नको तिथे जाऊन बसायचं. ती जाणार म्हटल्यावर दुःख कोण करतंय? एकटे जणूकाका स्ट्रेचरचा दांडा घट्ट धरून कोपऱ्यात उभे होते आणि हातोड्याच्या प्रत्येक घावाला डोळे मिटत होते.

त्या फरशीवर पट्टे होते. लाल पट्टा ऑपरेशन थिएटरकडे जायचा, पिवळा एक्स-रेकडे, हिरवा रक्त तपासायच्या खोलीकडे आणि निळा मुलांच्या वॉर्डाकडे. पेशंटला कुठे न्यायचं याच्या चिठ्ठ्याही त्याच रंगांच्या. पिवळी चिठ्ठी हातात पडली की पिवळा पट्टा धरायचा आणि गाडी ढकलत सुटायचं. वाटेत कितीही वळणं येवोत, पट्टा सोडायचा नाही. नव्या व्यवस्थेत पट्टे जाणार होते. फरशी पांढरी, भिंती पांढऱ्या, चिठ्ठ्या पांढऱ्या, आणि जिकडेतिकडे सुबक अक्षरांतल्या पाट्या.

जणूकाका वॉर्डबॉय होते. पन्नाशी उलटली होती, मिशा पिकल्या होत्या, जिना चढताना गुडघे तक्रार करत होते, तरी हुद्द्यात ते अजून 'बॉय'च. आणि या बॉयला वाचता येत नव्हतं.

हे इस्पितळात कुणालाही ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं एका छपराखाली राहून ही गोष्ट लपवायची म्हणजे उंट गादीखाली लपवून त्याच गादीवर पाहुण्यांना बसवण्यासारखं आहे. पण काकांनी ते जमवलं होतं, आणि याचं श्रेय त्यांच्या जिभेला. कुठलीही गोष्ट सरळ सांगायची नाही असा त्या जिभेचा नेम होता. लिफ्ट आली का विचारलं तर म्हणत, "लिफ्ट जणू म्हातारा सासरा. हाक मारली की येतो, पण आधी खोकून घेतो." हिशेबनीस कसे आहेत विचारलं तर, "हसले की जणू दुकानाचं शटर वर गेलं, आणि आत माल नाही." प्रत्येक वाक्यात 'जणू', म्हणून ते जणूकाका. एखाद्याने कागद पुढे करून "काका, काय लिहिलंय हो यात?" असं विचारलं, तर ते कागदाकडे भुवया उंचावून बघत आणि म्हणत, "जणू जावयाची मागणी, वाचून काय करता, देऊन टाका." समोरचा हसत सुटायचा, कागद स्वतःच वाचायचा, आणि वाचून झाल्यावर काकांच्या पाठीवर थाप मारायचा. अगदीच अडलं तर चष्मा होता. काकांची नजर घारीची, पण त्यांनी साध्या काचेचा एक चष्मा मुद्दाम घेतला होता. विसरायला काहीतरी हवं ना.

ही कला त्यांना लहानपणी शाळेतच सापडली. गुरुजींनी धडा वाचायला उभं केलं होतं. पुस्तक उघडलं, आणि अक्षरं डोळ्यांसमोर हलायला लागली. वर्ग वाट बघत होता. काही पोरं हसू दाबत होती. गुरुजींनी छडी टेबलावर आपटून विचारलं, "काय दिसतंय तुला त्या पुस्तकात?" पोरगं रडवेलं होऊन म्हणालं, "गुरुजी, जणू दोरीवर धुणं वाळत घातलंय. आणि सगळ्यांचे सदरे सारखेच." वर्ग खो खो हसला. गुरुजीही हसले, म्हणाले, "बस खाली, चावटा." पोरगं बसलं आणि त्याला एक मोठा शोध लागला, की लोकांना हसवलं की खाली बसायला मिळतं. पुढच्याच वर्षी वडील अंथरुणाला खिळले आणि शाळा सुटली. शोध तेवढा जवळ राहिला.

गुपित ठाऊक असलेली एकच व्यक्ती होती, ती म्हणजे काकू. खिडकीजवळ शिलाई मशीन टाकून त्या लोकांचे कपडे सैल-घट्ट करून द्यायच्या. फरशी उखडली त्या संध्याकाळी काका घरी आले ते बूट न काढताच खाटेवर बसले.

"काय झालं?" काकूंनी मशीन न थांबवता विचारलं.

"पायाखालची जमीन सरकली असं लोक उगाच म्हणतात. माझी आज टोपल्यांत भरून नेली."

"पट्टे गेले?"

"गेले. खोल्याही हलवणार आहेत. एक्स-रेच्या जागी रक्त, रक्ताच्या जागी चादरी. जणू कुणी पत्ते पिसून वाटलेत, आणि मला एकट्याला उलटे दिलेत."

काकूंनी मशीन थांबवलं. "मोठ्या सिस्टरना सांगून टाका. बाई कडक आहे, पण खात नाही कुणाला."

"सांगतो की. आणि उद्यापासून तुझ्या मशीनचं चाक फिरवत घरी बसतो."

"मग मी शिकवते. किती वर्षं म्हणतेय."

"तू शिकवणार म्हणजे जणू..."

"झालं सुरू," काकू म्हणाल्या. "अहो, तुम्हाला भीती वाटतेय. तोंडावर दिसतंय. एकदा नुसतं 'मला भीती वाटते' एवढं म्हणता येतं का तुम्हाला? जणू नको, सारखं नको. नुसतं."

काकांनी तोंड उघडलं.

"जणू..." ते म्हणाले.

"राहू द्या," म्हणून काकूंनी पुन्हा मशीन सुरू केलं.

नवी फरशी बसली तशी काकांची झोप उडाली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका आजोबांना एक्स-रेची खोली समजून चादरींच्या खोलीत नेलं. आजोबांनी कपाटांकडे बघून विचारलं, "इथे फोटो काढतात?" काका म्हणाले, "आधी चादर पसंत करा, मग फोटो." आजोबा हसले, काकाही हसले, पण परतताना ते प्रत्येक दारापाशी गाडी थांबवून आत डोकावत होते. हळूहळू त्यांनी खुणा पक्क्या केल्या. पाण्याच्या कूलरनंतर डावीकडे एक्स-रे, ज्या दाराला पितळी मूठ ते ऑपरेशन थिएटर. खोल्या सापडू लागल्या. चिठ्ठ्यांचं काय करायचं हे मात्र सुचेना. सगळ्या पांढऱ्या. प्रत्येक चिठ्ठीला चष्मा विसरावा लागायचा, आणि माणूस दिवसातून किती वेळा चष्मा विसरणार?

या सगळ्यात त्यांना बरं वाटायचं ते मुलांच्या वॉर्डात. तिथे महिनोन् महिने पडून असणारी पोरं होती आणि त्यांचा अभ्यास बुडू नये म्हणून वॉर्डाच्या टोकाला, काचा लावून बंद केलेल्या गच्चीत, एक छोटीशी शाळा भरायची. एक फळा, बुटक्या खुर्च्या, सलाईनच्या दांड्या, आणि रोज कापडी पिशवीतून खडू घेऊन येणाऱ्या एक बाई. काकांनी त्या वॉर्डातल्या प्रत्येक पोराचं बारसं केलं होतं. मांडीपर्यंत प्लास्टर असलेली एक मुलगी कुजबुजली तरी खाली गेटपर्यंत ऐकू जायची, ती 'तोफ'. खिडकीजवळचा मुलगा आला तेव्हा तापाने आतून पेटल्यासारखा लाल दिसत होता, तो 'कंदील'. त्याच्या शेजारचा गुडघे पोटाशी घेऊन चादरीत स्वतःला बांधून घ्यायचा, तो 'गाठोडं'. ही नावं एवढी चालायची की त्यांच्या आयासुद्धा तीच घ्यायच्या. खरी नावं काय ते काकांच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. नाव कानावर पडलं की त्यांच्या मनात आधी चित्र उभं राहायचं आणि नाव बिचारं त्या चित्रामागे उभं राहून दमून निघून जायचं.

एकदा ते गच्चीच्या दाराशी थबकले. आत तोफ धडा वाचत होती. "आईने भिंतीवर घर लावलं."

"घर?" बाई म्हणाल्या. "भिंतीवर घर लागतं का? नीट बघ."

"घड्याळ," तोफ म्हणाली.

"पहिलं अक्षर बघून पुढचं ठोकून द्यायचं नाही. शब्द शेवटपर्यंत वाचायचा. ठोकलेलं दहादा बरोबर येईल, पण अकराव्या वेळी भिंतीवर घर टांगशील." मग बाईंचं लक्ष दाराकडे गेलं. "या काका, वेळेवर आलात. आज आम्ही उपमा शिकतोय. एका गोष्टीला दुसरीसारखी म्हणायचं. तुमच्याएवढा जाणकार आम्हाला कुठे मिळणार? सलाईनला काय म्हणाल?"

"जणू आळशी नळ," काका म्हणाले. "प्लंबर आणला तरी थेंबाथेंबानेच येणार."

पोरं हसली. कंदील हसता हसता खुर्चीवरून घसरला. काकांना कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. आणि तेवढ्यात बाईंनी खडू पुढे केला. "वा. हेच फळ्यावर लिहा ना. तुमच्या हाताने."

काकांनी खडू घेतला. न घेऊन करतात काय? ते फळ्यासमोर उभे राहिले. मघापर्यंत बेताचा वाटणारा फळा आता जमिनीपासून छतापर्यंत पसरला होता. तळहाताचा घाम खडूला लागून खडू निसरडा झाला.

"काका, मोठ्ठं लिहा," तोफ मागून म्हणाली. "मला दिसत नाही."

त्यांनी हात वर नेला, खडू फळ्यावर टेकवला आणि इतका दाबला की त्याचे तीन तुकडे झाले.

"अरेच्चा," काका म्हणाले, "एक्स-रेला पेशंट राहिलाय माझा." आणि ते जवळजवळ पळतच बाहेर पडले.

बाईंनी तुकडे वेचले. थोडा वेळ त्या दाराकडे बघत राहिल्या. मग त्यांनी स्वतःच फळ्यावर आळशी नळ लिहिला.

त्यानंतर काका गच्चीकडे फिरकले नाहीत. पण त्याच वॉर्डात एका सकाळी मोठ्या सिस्टरनी फोन खांद्याने कानाशी दाबून धरत त्यांच्या हातात दोन चिठ्ठ्या कोंबल्या. "काका, दोघं आहेत. वरची ऑपरेशनची, ती आधी न्या. खालची एक्स-रेची, सावकाश चालेल. खिडकीजवळचे दोन बेड. नाव बघून घ्या," आणि त्या पुन्हा फोनवर कुणाला तरी झापू लागल्या.

खिडकीजवळचे दोन बेड म्हणजे कंदील आणि गाठोडं. दोघंही गाढ झोपलेले. दोघांच्याही आया खाली कसल्याशा सह्या करायला गेलेल्या. दोघांच्याही पायांची दुखणी. काका दोन बेडच्या मध्ये उभे राहिले. सिस्टरना विचारावं तर त्या म्हणणार, चिठ्ठी हातात आहे ना? त्यांनी मनाशी हिशेब केला. कंदीलच्या पायाचं दुखणं जुनं, त्याच्याभोवती डॉक्टरांची गर्दी जास्त, म्हणजे ऑपरेशन त्याचंच असणार. त्यांनी कंदीलला अलगद उचलून स्ट्रेचरवर ठेवलं, चादर गळ्यापर्यंत ओढली आणि निघाले.

लिफ्टपर्यंत सगळं ठीक होतं. लिफ्टचं दार लागलं आणि वरच्या दिव्याच्या उजेडात त्यांना कंदीलचा चेहरा दिसला. ताप गेल्यापासून तो लाल राहिला नव्हता. साधंसं, निजलेलं, तोंड किंचित उघडं असलेलं एक पोर. आणि काकांच्या लक्षात आलं की आपण पहिलं अक्षर बघून पुढचं ठोकून दिलंय.

हे ऑपरेशन गाठोड्याच्या वाटणीचं तर नाही? यालाच चिरला तर? ज्याला नुसता एक्स-रे हवा तो पाय उघडून डॉक्टर आत काय शोधतील? त्यांनी वरची चिठ्ठी लिफ्टवाल्यापुढे धरली. "जरा बघ रे. चष्मा विसरलोय."

"काका, चष्म्याला दोरी बांधून गळ्यात घाला, गाईला घंटा बांधतात तशी," लिफ्टवाला म्हणाला आणि त्याने मोठ्याने एक नाव वाचलं. "खाली ऑपरेशन लिहिलंय. हाच ना तो?"

नाव तर कळलं. पण ते नाव कंदीलचं की गाठोड्याचं, हे काकांना ठाऊक नव्हतं. दोघांना इतके महिने मांडीवर घेतलं, दोघांची औषधं गोड बोलून पाजली, आणि नाव एकाचंही येत नव्हतं. पोराच्या मनगटावर प्लास्टिकचा पट्टा होता. त्यावर धुणं वाळत घातलेलं होतं, नेहमीसारखं, सगळ्यांचे सदरे सारखेच.

पट्टा वाच रे बाबा, असं लिफ्टवाल्याला कुठल्या तोंडाने सांगायचं? चष्मा विसरणारा माणूस चिठ्ठी वाचून घेऊ शकतो. पण आपण कुणाला घेऊन निघालोय हे विचारायला चष्मा पुरत नाही. काकांनी घाईघाईने एखादी गंमत शोधली. आयुष्यात पहिल्यांदा एकही सापडली नाही.

लिफ्ट थांबली. समोर पांढरी फरशी, पांढऱ्या भिंती आणि शेवटी पितळी मुठीचं दार. ते दार उघडंच होतं. हिरवी टोपी घातलेल्या सिस्टर हात हलवून बोलावत होत्या. "आणा काका, लवकर. डॉक्टर हात धुवून उभे आहेत."

काकांनी गाडी दारापर्यंत नेली. सिस्टरनी पुढचा दांडा धरून ओढला. गाडी हलेना. काकांनी मागचा दांडा धरून ठेवला होता.

"सोडा की," सिस्टर म्हणाल्या.

"सिस्टर, मला वाचता येत नाही."

"चष्मा विसरलात ना? असू द्या, मी वाचते."

"चष्मा नाही. मला वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं." काकांचा आवाज असा आला की त्यांना स्वतःलाच तो ओळखू आला नाही. "हा पोरगा कोण आहे ते मला माहीत नाही. मी अंदाजाने आणलाय. मला भीती वाटते. त्याच्या हातातला पट्टा बघा."

गाडीच्या त्या टोकाला कुणी हसलं नाही. भूल देणारे डॉक्टर दारात येऊन उभे राहिले होते. लिफ्टवाला लिफ्टचं दार पायाने अडवून ऐकत होता. सिस्टरनी कंदीलचं मनगट उचललं, पट्टा वाचला, चिठ्ठी वाचली, पुन्हा पट्टा वाचला.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "हाच मुलगा."

काकांनी दांडा सोडला. ते भिंतीला टेकले.

"अहो काका, आणि आम्ही तपासतोच ना," सिस्टर जरा नरमून म्हणाल्या. "एकदा दारात, एकदा आत टेबलावर. चुकीचं पोर आत जाऊच शकत नाही. ही काय, तुमच्या डोक्यावर एवढी मोठी पाटी लावलीय."

काकांनी वर बघितलं. पाटी खरोखरच मोठी होती. लाल अक्षरांत होती. ज्याने ती वाचली असती त्याला आज घाबरायचं काहीच कारण नव्हतं.

ही बातमी जेवणाच्या सुट्टीपर्यंत गेटवरच्या पहारेकऱ्यापर्यंत पोचली. दुसऱ्या दिवशी काकांना मोठ्या डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. इस्पितळ त्यांच्या हाताखाली होतं. काकूंनी सकाळी गणवेशाला अशी इस्त्री केली की त्यात माणूस नसता तरी तो उभा राहिला असता.

"विचारतील तेवढं सांगा," काकू म्हणाल्या. "सरळ."

"सरळच सांगणार. वाकडं आता उरलंय कुठे?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांना बसायला सांगितलं. काका उभेच राहिले.

"किती वर्षं?"

"पहिल्यापासून."

"आणि कुणाला कळलं नाही." हा प्रश्न नव्हता. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. इतक्या वर्षांत या माणसाने किती गाड्या ढकलल्या आणि काय काय होऊ शकलं असतं, हे त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावं, कारण त्यांचाही चेहरा उतरला होता. आपल्याइतकंच घाबरलेलं दुसरं माणूस काकांना त्या इमारतीत पहिल्यांदाच भेटत होतं.

"स्ट्रेचरला हात लावायचा नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "चादरींच्या खोलीत बसा. सकाळी मुलांच्या शाळेत जायचं, तिथल्या बाईंशी मी बोलते. वाचता यायला लागलं की मोठ्या सिस्टर परीक्षा घेतील. पास झालात तर गाडी तुमची."

"आणि नाही झालो तर?"

"मग बघू."

'मग बघू' हे दोन साधे शब्द आहेत. घरी जाईपर्यंत काकांनी ते इतक्या वेळा मनात उलटेपालटे केले की त्या शब्दांची सगळी हाडं मोजून झाली.

चादरींच्या खोलीतल्या मावशींनी त्यांना घडी घालायला शिकवलं आणि दिवसभर "काय हो शाळकरी, गृहपाठ झाला का?" म्हणून छळलं. सकाळी ते गच्चीतल्या बुटक्या खुर्चीवर गुडघे कानाशी घेऊन बसायचे, तोफेच्या शेजारी. बाईंनी त्यांना फळ्यासमोर उभं केलं नाही. त्यांनी फक्त एक ओळ पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "बोट ठेवा. एकेक अक्षर. ठोकायचं नाही."

"मला पण नाही ठोकू देत," तोफ सांत्वन केल्यासारखी म्हणाली. ते खालच्या मजल्यावरही ऐकू गेलं.

दिवस गेले. दोरीवरचे सदरे हळूहळू वेगळे दिसायला लागले. याला कान आहे, याच्या पोटाला फोड आहे, हा पायाशी वाकडा. कधी सगळं ओळखीचं वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा परकं. तेव्हा काका रुमालाने कपाळ पुसायचे आणि त्यांना 'मग बघू' आठवायचं. एक मात्र झालं, त्यांच्या उपमा आटल्या. बोट अक्षराखाली असताना माणसाला दुसरं काही सुचत नाही. कंदील प्लास्टर घालून परत आला होता. त्याने एकदा तक्रार केली, "काका आता गमतीचं बोलतच नाहीत." गाठोड्याने चादरीतून मान बाहेर काढून दुजोरा दिला.

मग एकदा बाईंनी सगळ्यांना घाबरल्याच्या प्रसंगावर लिहायला सांगितलं, जमल्यास उपमा देऊन. तोफेने इंजेक्शनवर पानभर लिहिलं. सुई तिच्या लेखी एकदा विंचू होती, एकदा भाला आणि एकदा चिडलेली आत्या. काकांनी सुट्टी होईपर्यंत एकच ओळ लिहिली. तो कागद खिशात घालून ते घरी आले आणि त्यांनी तो मशीनवर, सुईच्या बाजूला ठेवला.

काकूंनी वाचला. 'मी भ्यालो.'

"बस?" त्या म्हणाल्या. "एवढंच? आणि तुमचं ते 'जणू' कुठे गेलं?"

"तो शब्द अजून शिकवलेला नाही."

काकू हसल्या. मग कागद पुन्हा बघितला आणि हसायच्या थांबल्या. त्यांनी तो घडी करून टाचणीच्या उशीखाली ठेवला. मशीन त्या संध्याकाळी पुन्हा चाललं नाही.

परीक्षेच्या सकाळी काका वेळेआधीच येऊन उभे होते. मोठ्या सिस्टरनी मुद्दाम नवा वॉर्ड निवडला, जिथल्या कुठल्याच पोराला काकांनी कधी पाहिलेलं नव्हतं. बेडवर चारेक वर्षांचा एक मुलगा पाय हलवत बसला होता. त्याची आई औषध आणायला गेली होती.

"याला एक्स-रेला न्यायचंय," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी चिठ्ठी दिली आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर मदतीची एकही खूण नव्हती.

काकांनी चिठ्ठी वाचली. बोट अक्षराखालून सरकत होतं, ओठ हलत होते. मग त्यांनी मुलाचं मनगट हातात घेतलं. पट्टा वाचला. तेच नाव होतं. त्यांनी ते मोठ्याने म्हटलं.

"हे माझं नाव नाही," मुलगा म्हणाला.

काकांच्या हातातलं मनगट जड झालं. "मग काय नाव तुझं?"

"पिल्लू."

काकांनी सिस्टरकडे बघितलं. सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या. काकांच्या घशाशी तो जुना गोळा आला. त्याच्यामागून चष्माही आला आणि एक गंमतही आली, तयार, अगदी ओठांवर. पोर स्वतःच्या तोंडाने सांगतंय. पोराला स्वतःचं नाव माहीत नसेल? आणि आपल्याला वाचायला येऊन असे कितीसे दिवस झालेत? एखादा सदरा पुन्हा चुकला असेल.

त्यांनी ती गंमत गिळली. पुन्हा बोट पट्ट्यावर ठेवलं. पहिलं अक्षर. दुसरं. तिसरं, त्याच्या डोक्यावरच्या मात्रेसकट. शेवटपर्यंत. मग चिठ्ठी, शेवटपर्यंत.

"सिस्टर," ते म्हणाले, "हा काही म्हणो. लिहिलंय ते हेच आहे. आईला विचारल्याशिवाय मात्र मी गाडी हलवणार नाही."

तेवढ्यात आई औषधाची बाटली घेऊन आली. सिस्टरनी तिला मुलाचं नाव विचारलं. तिने पट्ट्यावरचं नाव सांगितलं, आणि पोराच्या गालाला हात लावत म्हणाली, "घरी सगळे पिल्लूच म्हणतो हो. याला वाटतं तेच खरं."

मोठ्या सिस्टरनी स्ट्रेचर ओढून काकांपुढे आणून ठेवलं आणि दुसऱ्या बेडकडे वळल्या.

काकांनी पिल्लूला उचलून गाडीवर ठेवलं. कूलरनंतर डावीकडे वळून ते सवयीने थेट आत जाणार होते, पण थांबले. दारावरच्या पाटीखाली उभे राहिले आणि मागे कुणाची तरी गाडी खोळंबली असताना, पाटीवरचं एकेक अक्षर शेवटपर्यंत वाचून मगच आत गेले.